रिव्ह्यू मागू नका! गावातल्या समुपदेशकाचा ब्रँड वेगळा असतो



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गुगलच्या बिझनेस प्रोफाइलबद्दल बोललो. फोटो कसे टाकायचे, गिऱ्हाईक खूश असतानाच रिव्ह्यू कसा मागायचा, वगैरे. लॉजवाले, मिसळवाले, नर्सरीवाले, सगळ्यांना ते लागू आहे. पण एका मंडळींना लागू नाही, आणि त्यांचा विषय व्हिडिओच्या शेवटच्या दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही. म्हणून हा लेख.

तुम्ही मानसशास्त्र शिकलात. पुढचं प्रशिक्षण घेतलं. पुण्यात चार-पाच वर्षं कुणा अनुभवी माणसाच्या हाताखाली काम केलं. आता गावाकडे येऊन स्वतःची प्रॅक्टिस सुरू करायची आहे. ओझरला, नारायणगावला, मंचरला, कुठेही. आणि तुमचा प्रश्न असा: "सर, ऑनलाइन स्वतःचा ब्रँड कसा करू? आणि तो खोटा वाटायला नको."

आधी एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती विसरली जाते. ओझर म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला नाशिकचा विमानतळ आठवतो. तुम्ही विघ्नेश्वराच्या ओझरचे. त्यामुळे प्रोफाइलवर नुसतं "ओझर" लिहू नका, "ओझर, ता. जुन्नर, जि. पुणे" असं पूर्ण लिहा. नाहीतर नाशिकचा माणूस तुम्हाला फोन करेल आणि शिरोलीचा करणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. ओझरच्या लॉजवाल्याचं गिऱ्हाईक आणि तुमच्याकडे येणारा माणूस यांच्यात एक मोठा फरक आहे. लॉजवर उतरलेलं कुटुंब स्वतःच फोटो काढतं, टॅग करतं, "अष्टविनायक यात्रेत छान सोय झाली" असं लिहितं. तुमच्याकडे येणाऱ्याला मात्र आपण इथे आलो होतो हे कुणालाही कळू नये असं वाटतं. त्याच्या मनातला पहिला प्रश्न "या मॅडम चांगल्या आहेत का" हा नसतोच. पहिला प्रश्न असतो, "आत जाताना मला कोण बघेल?"

शहरात राहणाऱ्याला हे नीट कळत नाही. आपल्याकडे माणूस ओळखायला चेहरा लागत नाही, गाडी पुरते. अमक्याची स्प्लेंडर तमक्याच्या दारात तासभर उभी होती, एवढी बातमी संध्याकाळपर्यंत डेअरीवर पोचते. म्हणून तर लोक ८०-८५ किलोमीटर पुण्याला जातात आणि घरी सांगतात, डोळे तपासायला गेलो होतो. अशा ठिकाणी तुमचा फोन, तुमचं व्हॉट्सअॅप, तुमची वेबसाइट हे दवाखान्याचं मागचं दार आहे. बाहेर लावलेला फ्लेक्स नव्हे. या दारातून माणूस निवांत, कुणाला न दिसता आत येऊ शकला पाहिजे. तुमचा सगळा ऑनलाइन ब्रँड या एका कसोटीवर घासून बघा, असं माझं मत आहे.

हे मागचं दार काही इंटरनेटनं आणलेलं नाही. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. माणूस गणिताचा प्राध्यापक, डॉक्टर नाही. खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. पण लोक त्यांना पत्रं लिहीत राहिले आणि ते उत्तरं छापत राहिले. जे घरात विचारता येत नव्हतं ते टपालानं विचारता येत होतं. आज ज्याला आपण पर्सनल ब्रँड म्हणतो तो त्यांच्याकडे होता की नव्हता? होता. एक विषय, एक भूमिका, सव्वीस वर्षं, आणि विचारणाऱ्याला लाज न वाटू देणारी भाषा.

"खरं" दिसायचं म्हणजे काय उघडं करायचं?

सध्या रील्सवर एक फॅशन आहे. कॅमेरा लावायचा, डोळ्यात पाणी आणायचं, "आज मी तुम्हाला माझ्या डिप्रेशनबद्दल सांगणार आहे". याला लोक ऑथेंटिक म्हणतात. ज्यांना मन मोकळं करायचं आहे त्यांनी जरूर करावं, त्याला माझा आक्षेप नाही. पण समुपदेशकानं गिऱ्हाईक यावं म्हणून ते करणं मला पटत नाही. कारण सरळ आहे. तो रील बघून आलेला माणूस समोर बसल्यावर तुमची काळजी करायला लागतो. "मॅडमनीच एवढं सोसलंय, त्यांना आपलं रडगाणं कशाला ऐकवा." त्यानं फी भरली आहे स्वतःबद्दल बोलण्यासाठी, आणि तासाभरात सांभाळतोय तुम्हाला!

मुक्तांगणचं उदाहरण तुम्ही द्याल. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या त्या व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेले कितीतरी लोक आपली कहाणी चारचौघांत सांगतात आणि त्याचा फायदाही होतो. बरोबर आहे. पण तिथे बोलतो तो बरा झालेला माणूस, स्वतःच्या इच्छेनं, आपल्यासारख्याच दुसऱ्याला हात द्यायला. तुमच्या पेजवर तुम्ही "माझी एक क्लायंट, वय ३२, नारायणगाव, नवरा बाजार समितीत" असं लिहिता तेव्हा बोलणारे तुम्ही असता आणि कहाणी तिची असते. नाव बदललं म्हणून काय झालं? वय, गाव आणि नवऱ्याचा धंदा सांगितल्यावर आपल्या तालुक्यात नावाची गरज कुणाला आहे? आणि ती बाई कुणी ओळखली नाही तरी ती पोस्ट वाचणारी दुसरी बाई मनात म्हणते, उद्या माझंही असंच लिहितील. ती येत नाही. तुम्हाला ते कधी कळतही नाही, कारण न आलेल्या माणसाची नोंद कुठल्याच डॅशबोर्डवर दिसत नाही.

मग उदाहरण कुणाचं बघायचं? ठाण्याच्या आयपीएच या संस्थेचं बघा. डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ती सुरू केली. नाडकर्णींनी पुस्तकं लिहिली, नाटकं लिहिली, 'वेध'सारखे कार्यक्रम केले, आणि आज संस्थेचं 'आवाहन' हे मराठी यूट्यूब चॅनल आहे. धंद्याच्या नजरेनं त्यातले चार-पाच व्हिडिओ बघा. बोलणं असतं रागाबद्दल, चिंतेबद्दल, विचार करण्याच्या सवयीबद्दल. बघणाऱ्याला स्वतःचं घर आठवतं, दुसऱ्याचं घर दिसत नाही. किंवा डॉ. मोहन आगाशे. मनोविकारतज्ज्ञ आणि नट. त्यांनी सिनेमा हे माध्यम धरलं. नैराश्यातल्या तरुणाभोवती फिरणारा 'कासव' त्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्यासोबत उभा केला आणि २०१७ मध्ये त्याला सुवर्णकमळ मिळालं. साताऱ्यात डॉ. हमीद दाभोलकर आहेत, म्हणजे हे काम मुंबई-पुण्यातच होतं असं नाही. या तिघांचा स्वभाव वेगळा, माध्यम वेगळं. पण प्रत्येकाचं नाव घेतलं की एक भूमिका आठवते आणि ती वर्षानुवर्षं तीच आहे. तुम्हाला नट व्हायची गरज नाही. एक भूमिका धरायची मात्र गरज आहे.

पाटीवरचा शब्द

खरेपणाची सुरुवात माझ्या मते एका कंटाळवाण्या जागेपासून होते: नावापुढे काय लिहायचं.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेला डॉक्टर. तो औषध लिहून देतो, त्याची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेला अभ्यासक्रम आणि १९९२ च्या कायद्याखालची तिची नोंदणी लागते, आणि तो नोंदणी क्रमांक लोकांना तपासता येतो. समुपदेशक हा शब्द मात्र सगळ्यात सैल. दोन वर्षांचं एम.ए. करून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली शेकडो तास काम केलेला माणूसही समुपदेशक आणि शनिवार-रविवारचं ऑनलाइन सर्टिफिकेट घेतलेलाही समुपदेशक. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्राचा कायदा आला, त्यात मानसशास्त्र आणि समुपदेशनातले व्यवसायही धरले आहेत. पण आज समोरच्या माणसाला फरक समजावून सांगायची जबाबदारी तुमचीच आहे.

म्हणून प्रोफाइलवर साध्या मराठीत लिहा. काय शिकलात, कुठे, कोणत्या साली. नोंदणी असेल तर क्रमांक. तुम्ही पीएच.डी. असाल तर "डॉ." लावायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण आपल्याकडे डॉक्टर म्हणजे गोळी देणारा. तेव्हा लगेच खाली लिहा: "मी औषध देत नाही. औषधाची गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते." हे वाक्य वाचून गिऱ्हाईक कमी होईल अशी भीती वाटते ना? उलट होतं. काय जमत नाही हे जो आधीच सांगतो त्याच्या "जमतं" या शब्दाला वजन येतं. हा नियम तर गवंड्यालाही लागू आहे.

फीसुद्धा लिहा. "फीसाठी इनबॉक्स करा" हे साडीच्या दुकानाला शोभतं. चिंतेनं रात्रभर न झोपलेल्या माणसाला भाव विचारायची वेळ आणू नका.

आता रिव्ह्यू

इथे मी स्वतःच्याच व्हिडिओच्या उलट सांगतोय, नीट ऐका. क्लायंटकडे रिव्ह्यू मागू नका. पाच चांदण्या नको, "मॅडममुळे माझं आयुष्य बदललं" नको, सेशननंतरचा सेल्फी तर अजिबात नको.

पहिलं कारण कायद्याचं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ मध्ये उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय. कलम २४ सांगतं की मानसिक आरोग्य केंद्रात उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येणार नाही, आणि डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही तीच गोपनीयता लागू. तुमची दोन खुर्च्यांची खोली त्या व्याख्येत बसते की नाही यावर वकील वाद घालतील. तुम्ही त्या वादात पडूच नका, बसते असं समजून वागा. डॉक्टरांसाठी तर २००२ ची आचारसंहिता आहे, जाहिरातबाजी करून रुग्ण ओढायला तिथे बंदीच आहे; दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, फी अमुक आहे, एवढं जाहीर करायची मोकळीक आहे. अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची आचारसंहितासुद्धा चालू क्लायंटकडून शिफारसपत्र मागायला मनाई करते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्यापुढे मन उघडं केलेला माणूस तुम्हाला "नाही" म्हणू शकत नाही. त्याला वाटतं, नाही म्हटलं तर मॅडम नाराज होतील. मिसळवाल्याला नाही म्हणणं सोपं असतं, तुम्हाला नसतं. त्या नात्याचा वापर करून घेतलेल्या पाच चांदण्या खऱ्या कशा?

आणि कुणी आपणहून वाईट रिव्ह्यू टाकला तर? इथे भलेभले घसरतात. "आपण तीन सेशननंतर येणं बंद केलंत, दिलेला गृहपाठ केला नाहीत," असं उत्तर जगजाहीर लिहिलं की संपलं. अहो, "आपण आलात याबद्दल आभार" एवढं लिहिलं तरी तो माणूस तुमच्याकडे येत होता हे तुम्ही गावाला सांगितलंत. उत्तर द्यायचंच असेल तर असं द्या: "गोपनीयतेमुळे इथे कुणाहीबद्दल, ती व्यक्ती माझ्याकडे आली होती की नाही याबद्दलसुद्धा, मी बोलत नाही. माझ्या कामाबद्दल तक्रार असल्यास कृपया थेट फोन करावा." चांगल्या रिव्ह्यूलाही उत्तर देऊ नका. ही दोन वाक्यं वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला तुमच्याबद्दल जे कळतं ते पन्नास चांदण्यांतून कळणार नाही.

फोनमधली गळती

हा भाग कुणी शिकवत नाही, म्हणून जरा खोलात जातो. क्लायंटचे नंबर घेऊन व्हॉट्सअॅप ग्रुप कधीही करू नका, "सकारात्मक सकाळ" वगैरे. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. सासू आणि सून एकाच ग्रुपमध्ये सापडायला वेळ लागत नाही. फेसबुक, इन्स्टाग्रामला फोनमधले कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी बंद करा, नाहीतर "तुम्ही यांना ओळखत असाल" म्हणून ते तुमच्या क्लायंटांना एकमेकांपुढे आणून उभं करू शकतं. प्रॅक्टिससाठी वेगळा नंबर घ्या, त्यावर घरच्या लग्नाचे स्टेटस नकोत.

यूपीआयवर जे नाव दिसतं ते तपासा. "मनशांती मानसोपचार केंद्र" असं नाव पेमेंटच्या यादीत दिसलं आणि तो फोन घरात चौघांच्या हातात फिरणारा असला तर काय होईल? खात्याला तुमचं साधं नाव ठेवा. पहिल्या फोनवर विचारून घ्या, "या नंबरवर मेसेज केला तर चालेल का? कोणत्या वेळी?" कित्येक बायकांच्या फोनचा पासवर्ड घरात सगळ्यांना माहीत असतो. आणि हो, आपल्याकडे निम्म्या दुकानांचं नाव "विघ्नहर" असतं. तुम्हीही तेच ठेवावं असा मोह होईल. ठेवू नका, तुमचं काम तुमच्या नावावर चालणार आहे, देवाच्या नव्हे.

मेसेजचं उत्तर किती वेळात देणार हे लिहून ठेवा आणि त्याच्याच शेजारी टेली मानसचा नंबर द्या: १४४१६. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही फोनसेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. रात्री दोन वाजता कुणी तुम्हाला "आता सहन होत नाही" असा मेसेज टाकला आणि तुम्ही झोपेत असलात, तर त्या माणसाला पुढे कुठे जायचं हे तुमच्या प्रोफाइलवर दिसलंच पाहिजे. ही एक ओळ टाकायला पाच मिनिटं लागतात. आजच टाका, लेख नंतर पुरा वाचा.

मग पोस्ट कशावर करायची?

आपल्या माणसांच्या शब्दांत त्यांच्या आयुष्यावर. "अँक्झायटी डिसऑर्डरची सात लक्षणं" हे सगळं जग करतंय. आपल्याकडे माणूस म्हणतो, जीव घाबरतो, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, कशात मन रमत नाही. त्याच शब्दांत बोला. टोमॅटोचा भाव पडल्यावर नारायणगावच्या बाजारातून रिकाम्या हातानं परतलेला माणूस घरी येऊन पोरांवर का खेकसतो, यावर तीन मिनिटं बोला. उसात बिबट्या दिसल्यापासून संध्याकाळी अंगणात पाऊल न टाकणाऱ्या मुलीशी आईनं काय बोलावं आणि काय बोलू नये, यावर बोला. जुन्नर-आंबेगावात हा विषय पुस्तकात सापडणार नाही, तो तुमचाच आहे. त्यात क्लायंट कुणीच नाही आणि सगळं खरं आहे.

"बाहेरचं झालंय" म्हणणाऱ्याची थट्टा करू नका. भगताकडे जाऊन आलेला माणूसच उद्या तुमच्याकडे येणार आहे. व्हिडिओत त्याला अडाणी ठरवलंत तर त्यानं कोणत्या तोंडानं यायचं? "तिकडेही जाऊन आला असाल, हरकत नाही, इथेही येऊन बघा" एवढं पुरे. मात्र मारहाण, उपास, साखळदंड असलं काही दिसलं तर गप्प बसू नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो सांगा.

आता थोडा हिशेब, कारण आपण धंद्याबद्दल बोलतोय. दिवसाला पाच सेशन, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे पंचवीस. त्याहून जास्त केलीत तर तुमचंच डोकं चालणार नाही. महिन्याला शंभर सेशन झाली. समजा एक माणूस सरासरी आठ वेळा येतो. मग महिन्याला नवीन माणसं किती लागतात? बारा-तेरा. बस्स. बारा-तेरा माणसांसाठी तुम्हाला लाख फॉलोअर कशाला हवेत? चंद्रपूरला व्हायरल होऊन ओझरची खुर्ची भरत नाही. तुमचं नाव आधी गावातला फॅमिली डॉक्टर सांगेल, शाळेतल्या बाई सांगतील, एखादी मैत्रीण कानात सांगेल. मग तो माणूस रात्री अंथरुणात पडून तुमचं नाव शोधेल. त्याला तिथे तुमचा चेहरा, तुमचा आवाज, शिक्षण, फी आणि आठ-दहा मनापासूनचे व्हिडिओ दिसले की पुरे. ऑनलाइनचं काम एवढंच: ऐकलेल्या नावाची खातरजमा. म्हणून आठवड्याला एक व्हिडिओ करा, पण दोन वर्षं न चुकता करा. पहिले सहा महिने कुणी लाइकसुद्धा करणार नाही. तुमचा व्हिडिओ लाइक करणं म्हणजे गावासमोर हात वर करणं आहे, हे लक्षात असू द्या. लोक बघतात, पुढे पाठवतात, डिलीट करतात. आकडे बघून घाबरू नका.

शेवटी एक वाक्य देतो, ते जसंच्या तसं वेबसाइटवर घ्या. चतुर्थीला देवळाच्या रांगेत, बाजारात, हळदीकुंकवाला तुमचे क्लायंट तुम्हाला भेटणारच आहेत, हे गावच तेवढं आहे. तेव्हा आधीच लिहून ठेवा: "बाहेर कुठे भेट झाली तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही हाक मारलीत तर आनंदानं बोलेन, पण कामाबद्दल तिथे बोलणार नाही." हे फीच्या वर टाका, खाली नको.